दुकान उघडायच्या आधी

१८५१ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात एक पुस्तक निघालं. पानं १७९, चित्रांचे तक्ते ३३. नाव इतकं लांबलचक की आजचा कुठलाही संपादक ते बघूनच हात जोडेल. मराठीत सांगायचं तर साधारण असं: शेवाळवर्गीय वनस्पती, नेचे आणि त्यांची भावंडं यांचं अंकुरण, वाढ आणि फळधारणा, तसंच सूचिपर्णी वृक्षांची बीजनिर्मिती, यांचा तौलनिक अभ्यास. लेखकाचं नाव विल्हेल्म हॉफमायस्टर, वय २७. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. व्यवसाय म्हणाल तर वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या पेढीत काम.

म्हणजे दिवसभर हा माणूस पियानोच्या छापील नोटेशनची बिलं, पत्रं आणि पार्सलं बघत होता. आणि उरलेल्या वेळात, मुख्यतः पहाटे दुकानाचं काम सुरू व्हायच्या आधी, त्याने वनस्पतिशास्त्रातला त्या शतकातला एक सर्वांत मोठा शोध लावला. 'एक सर्वांत मोठा' हे मी उत्साहात म्हणत नाहीये. डार्विन आणि मेंडेल ही दोन नावं बाजूला ठेवली, तर एकोणिसाव्या शतकातल्या जीवशास्त्रात याच्या तोडीचं काम शोधावं लागेल. तरीही शाळेच्या पुस्तकात हे नाव मला कधी भेटलं नाही. अकरावीला बायॉलॉजी सोडून मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यामुळे माझं सोडा. पण बायॉलॉजी घेतलेल्या मित्रांना विचारलं तर त्यांनाही 'पिढ्यांचं एकांतरण' हा धडा आठवतो, पाच मार्कांची आकृती आठवते, ते कोणी शोधलं हे आठवत नाही.

मी आता २८ वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि हॉफमायस्टरचा विषय डोक्यात शिरल्यापासून माझी झोप जरा कमी झाली आहे. त्यामुळे हा लेख.

आधी घर बघू. वडील फ्रीडरिख हॉफमायस्टर हे लाइपझिगमधले नावाजलेले संगीत-प्रकाशक. रॉबर्ट शूमानच्या सुरुवातीच्या काही रचना त्यांनीच छापल्या. त्यांची आणखी एक कामगिरी आहे, आणि डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ती फार आवडते. जर्मन भाषक प्रदेशात नव्याने छापल्या गेलेल्या संगीताची यादी ते दर महिन्याला काढत. १८२९ पासून पुढे ही यादी दशकानुदशकं चालू राहिली. आज ती ऑनलाइन शोधता येते आणि संगीताचे इतिहासकार एखादी रचना नेमकी कधी बाजारात आली हे त्यावरून ठरवतात. नीट नोंद ठेवणं, एकाला दुसऱ्याशेजारी लावून बघणं ही सवय विल्हेल्मला घरातूनच मिळाली असणार, असा माझा अंदाज.

फ्रीडरिखना झाडांचाही नाद होता. लाइपझिगजवळ रॉयडनित्सला त्यांनी जागा घेऊन बाग केली, वनस्पतींची पुस्तकं गोळा केली. १८२४ साली जन्मलेला विल्हेल्म या बागेत वाढला. शाळा संपल्यावर त्याला हाम्बुर्गच्या एका संगीताच्या दुकानात दोन वर्षं उमेदवारीला पाठवलं, कारण धंदा शिकायचा तर दुसऱ्याच्या दुकानात शिकावा, हा व्यापाऱ्यांचा जगभरचा नियम. १८४१ साली तो परत आला आणि घरच्या पेढीत बसला. पुढे वडिलांनी पेढी त्याच्या आणि त्याच्या भावाच्या हवाली केली.

त्याच काळात त्याच्या हाती श्लायडेनचं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक पडलं. श्लायडेन तुम्हाला माहीत आहे. 'श्लायडेन आणि श्वान, पेशी सिद्धान्त' असं आपण सगळ्यांनी पाठ केलंय. या श्लायडेनचं म्हणणं असं की झाडं वाळवून, चिकटवून, लॅटिन नावं देऊन वनस्पतिशास्त्र होत नाही. सूक्ष्मदर्शक घ्या आणि झाड घडतं कसं ते पेशीपेशीने बघा. विल्हेल्मने ते अक्षरशः मनावर घेतलं. आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर श्लायडेनचीच एक गोष्ट तपासायला घेतली.

ती गोष्ट अशी. फुलावर परागकण पडतो, त्यातून एक बारीक नळी निघते आणि बीजांडात उतरते. इथपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. पुढे काय होतं? श्लायडेन म्हणत होता की नळीचं टोक बीजांडात शिरतं आणि तेच टोक फुगून गर्भ बनतं. म्हणजे नवं रोप पूर्णपणे परागाचं. बीजांड ही नुसती पाळण्याची जागा, जमीन म्हणा हवं तर. आपल्याकडे 'बीज पुरुषाचं, क्षेत्र स्त्रीचं' अशी जुनी समजूत आहेच; तीच कल्पना जर्मनीत सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने मांडली जात होती. आणि मांडणारा साधासुधा माणूस नव्हता.

याच्या विरोधात इटलीतल्या आमिचीने १८४६ मध्ये ऑर्किडच्या बीजांडांवरून दाखवलं की नळी पोचायच्या आधीच तिथे एक पेशी हजर असते आणि गर्भ तिच्यापासून होतो. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, हॉफमायस्टरचा पहिला महत्त्वाचा लेख आला. त्याने ईव्हनिंग प्रिमरोजच्या कुळातली फुलं घेतली होती. वय २३. त्याच वर्षी लग्नही झालं. १८४९ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकच काढलं. एकामागून एक झाडं घेऊन, प्रत्येकात तेच दाखवत: अंडपेशी आधीपासून असते, परागनळी तिच्यापर्यंत येते, आणि अंडपेशीचा गर्भ होतो.

यातलं हाताचं काम किती अवघड होतं हे सांगायला हवं. आज प्रयोगशाळेत मेणात बसवलेला नमुना मायक्रोटोमने कापतात, रंग देऊन पेशीचे भाग वेगळे दाखवतात. १८४७ मध्ये यातलं काहीच नव्हतं. बीजांड म्हणजे वाळूच्या कणाएवढी गोष्ट. ती बोटात धरून वस्तऱ्याने कापायची, पातळ चकती पाण्यात ठेवायची आणि त्या रंगहीन, पारदर्शक पेशींकडे बघत बसायचं. त्यात हॉफमायस्टर कमालीचा ऱ्हस्वदृष्टीचा. लांबचं त्याला फारसं दिसत नसे, पण वस्तू डोळ्याला जवळजवळ टेकवली की भिंगाशिवायही बारीकसारीक दिसे. त्याचं चरित्र त्याचा विद्यार्थी कार्ल गोबेलने लिहिलं, त्यात या डोळ्यांचा उल्लेख आवर्जून आहे. आणि चित्रंही तो स्वतःच काढायचा.

चित्रांवरून एक गोष्ट. १८४८ मध्ये त्याने परागकण कसे तयार होतात यावर लिहिलं. त्यासाठी वापरलेल्या झाडांत ट्रॅडेस्कॅन्शिया होतं. (आपल्याकडे सोसायट्यांच्या कुंड्यांत जी जांभळ्या पानांची, कुठेही जगणारी वेल दिसते, ती याच कुळातली.) पेशी दुभंगताना तिच्या मधोमध काही गुठळ्या दिसतात, त्या त्याने जशा दिसल्या तशा काढून ठेवल्या. त्या गुठळ्यांना 'क्रोमोसोम' हे नाव मिळायला १८८८ साल उजाडावं लागलं. त्या काय आहेत हे हॉफमायस्टरला माहीत नव्हतं, आणि त्याने माहीत असल्याचा आवही आणला नाही. दिसलं ते काढलं.

श्लायडेनची बाजू मात्र सहजासहजी हरली नाही. त्याचा शिष्य हेर्मान शाख्त मैदानात उतरला आणि त्याने गुरूच्या बाजूने लिहिलेल्या प्रबंधाला १८५० मध्ये हॉलंडच्या शास्त्रसंस्थेने बक्षीस दिलं. एका बाजूला प्राध्यापक, त्याचा शिष्य आणि बक्षीस; दुसऱ्या बाजूला संगीताच्या दुकानातला मुलगा. काही वर्षं हा वाद चांगलाच कडवट चालला. अखेर १८५६ मध्ये श्लायडेनच्याच गावी, येनाला शिकलेल्या राडल्कोफर नावाच्या तरुणाने हॉफमायस्टरच्या बाजूने पुरावा दिला, श्लायडेनने आपलं मत सोडलं आणि शाख्तनेही आपली भूमिका बदलली.

हा जुना, मिटलेला वाद वाटेल. पण दहा वर्षं पुढे या. १८६६ मध्ये मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापला गेला. त्यात मेंडेल हा मुद्दा मुद्दाम काढतो: अंडपेशी जर नुसती दाई असती, तर संकरित झाड फक्त परागाच्या झाडासारखं दिसलं असतं, तसं होत नाही, म्हणजे दोन्ही पेशींचा मिलाफ होतो. मेंडेलचं सगळं गणित, ते ३:१ चं प्रमाण, या एका गोष्टीवर उभं आहे की आई आणि बाप दोघंही समान वाटा देतात. ते आधी कोणीतरी वस्तऱ्याने कापून दाखवावं लागलं होतं.

आता १८५१ च्या पुस्तकाकडे.

लिनियसने अठराव्या शतकात झाडांची वर्गवारी फुलातल्या पुंकेसर-स्त्रीकेसरांवरून केली. ज्यांना फूलच नाही, त्या नेचे-शेवाळ-बुरशी अशा सगळ्यांना त्याने एका पोत्यात भरलं आणि नाव दिलं 'क्रिप्टोगॅमिया'. अर्थ, गुपचूप लग्न. यांचं लग्न कुठे, कसं होतं, कुणालाच कळत नव्हतं. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, त्यातून धुळीसारखे बीजाणू पडतात, त्यातून पुन्हा नेचा येतो. मग नर कुठे, मादी कुठे? लोक पानावरच शोधत होते.

उत्तराचे तुकडे १८४० च्या दशकात सापडू लागले होते. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, हिरवा, बदामाच्या आकाराचा एक पापुद्रा तयार होतो. त्याला प्रोथॅलस म्हणतात. लोक त्याला रोपाचं पहिलं पान समजत होते. १८४४ मध्ये नेगेलीला या पापुद्र्यावर पोहणारे नर-पेशींचे पुंजके दिसले. १८४८ मध्ये लेश्चिट्स-सुमिन्स्की नावाच्या एका पोलिश उमरावाला त्याच पापुद्र्यावर मादीचे अवयव दिसले. म्हणजे लग्न पानावर नव्हतंच. ते खाली, मातीत, कुणाच्या लक्षात न येणाऱ्या त्या पापुद्र्यावर, पावसाच्या पाण्याच्या थेंबात होत होतं.

तुम्हाला हे बघायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही जुन्या दगडी भिंतीजवळ जा. सिंहगडाच्या वाटेवर, कोकणातल्या विहिरीच्या काठावर, मुंबईत गळक्या पाइपाशेजारी. नेचे दिसतीलच. त्यांच्या आसपास ओल्या मातीला चिकटलेले हिरवे बदाम शोधा. मला पहिला सापडायला दोन रविवार लागले. सापडल्यावर फोनच्या कॅमेऱ्याला वीस रुपयांचं भिंग लावून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. प्रतिसाद: 'भिंतीला वॉटरप्रूफिंग करून घे.'

हॉफमायस्टरने हे तुकडे उचलले आणि सगळीकडे तेच आहे का हे बघायला सुरुवात केली. शेवाळ, लिव्हरवर्ट, नेचे, एक्विसेटम, पाण्यातले नेचे, लायकोपोड, सेलाजिनेला. प्रत्येकाचा बीजाणू रुजवायचा, पेशीपेशीने त्याची वाढ बघायची, अंडपेशी कुठे होते, तिचं पुढे काय होतं, हे काढून ठेवायचं.

आणि त्याला दिसलं ते असं. या प्रत्येक वनस्पतीच्या आयुष्यात दोन वेगवेगळी शरीरं आळीपाळीने येतात. एक शरीर नर-मादी पेशी तयार करतं. त्या पेशींच्या मिलनातून दुसरं शरीर येतं. हे दुसरं शरीर बीजाणू तयार करतं. बीजाणूतून पुन्हा पहिलं शरीर. नेच्यात दुसरं शरीर मोठं आहे, तो आपल्याला दिसणारा 'नेचा', आणि पहिलं म्हणजे तो बदामी पापुद्रा. शेवाळात उलटं आहे. भिंतीवरची मखमल हे पहिलं शरीर, आणि तिच्यातून वर आलेल्या त्या काड्या, टोकाला बारीकशी बोंडं असलेल्या, हे दुसरं शरीर. ते पहिल्याच्या डोक्यावरच उभं असतं, कधी वेगळं राहतच नाही. आपण ज्याला शेवाळाचं 'फळ' समजत होतो, ते त्याचं मूल आहे.

पिढ्या अशा आलटून-पालटून येणं ही कल्पना प्राण्यांत आधी मांडली गेली होती. शामिसो, जो कवीही होता आणि वनस्पतिशास्त्रज्ञही, त्याने १८१९ मध्ये सॅल्प नावाच्या समुद्रजीवांत ती पाहिली, डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने १८४२ मध्ये ती पुढे नेली. तिचा धागा धरून शेवाळापासून नेच्यापर्यंत एकच ओळ आखली, ती हॉफमायस्टरने.

इथे थांबला असता तरी पुरे होतं. पण पुस्तकाच्या नावात शेवटी सूचिपर्णी वृक्ष आहेत, पाइन आणि त्याचे भाऊबंद. ते तिथे का? कारण सेलाजिनेलासारख्या वनस्पतींत त्याला दोन प्रकारचे बीजाणू दिसले, मोठे आणि लहान. मोठ्या बीजाणूतून मादीचा पापुद्रा होतो, आणि तो बीजाणूच्या कवचातून फारसा बाहेरही येत नाही. मग त्याने पाइनचं बीजांड कापलं. आत अन्न साठवणारी पेशींची जी रास होती, ती त्याला ओळखीची वाटली. तो नेच्याचा पापुद्राच होता, आता आईच्या पोटात लपलेला. आणि परागकण? तो म्हणजे लहान बीजाणू.

हे दोनदा वाचा, मीही वाचलं होतं. आपण ज्याला बी म्हणतो, त्याच्या आत ओल्या भिंतीवरच्या त्या हिरव्या बदामाचा वारस बसलेला आहे. शेवाळ, नेचा, पाइन हे वेगवेगळे वर्ग नाहीत, एकाच जीवनचक्राच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर वरून दहा वेगळी ॲप्स दिसत होती, याने आत जाऊन दाखवलं की कोडबेस एक आहे; कुठे एक मॉड्यूल फुगलंय, कुठे तेच आक्रसून दुसऱ्याच्या आत गेलंय.

साल पुन्हा बघा, १८५१. डार्विनचं 'ओरिजिन' अजून आठ वर्षं दूर होतं. उत्क्रांतीचा शब्दही न काढता झाडांच्या नात्याचा पुरावा तयार होता. १८७५ मध्ये ज्युलियस झाक्सने वनस्पतिशास्त्राचा इतिहास लिहिताना नेमकी हीच गोष्ट नोंदवली, की डार्विनचा सिद्धान्त आला तेव्हा झाडांमधली नाती हॉफमायस्टरने आधीच उघडी करून ठेवली होती.

मग नाव का राहिलं नाही? याचं माझं उत्तर फार सरळ आहे: त्याने पुस्तक वाईट लिहिलं. म्हणजे चूक काही नाही, उलट सगळं ठासून बरोबर; पण पानामागून पान निरीक्षणं. ही पेशी अशी दुभंगली, मग ती तशी. सगळ्याचा अर्थ काय, हे सांगायला शेवटी मोजकीच पानं. डार्विन वाचकाला हाताला धरून नेतो, स्वतःच शंका काढतो, स्वतःच उत्तरं देतो. हॉफमायस्टर तुमच्यासमोर लॉग-फाइल ठेवतो. १८६२ मध्ये फ्रेडरिक करीने इंग्रजी भाषांतर केलं (हाही पेशाने बॅरिस्टर, बुरशांचा अभ्यास फावल्या वेळात). ते आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहे. मी फोनवर उघडलं आणि पहिल्या वीस पानांत तीनदा डुलकी काढली. मग चित्रांचे तक्ते बघायला लागलो आणि जाग आली. पुस्तक खरं तिथे आहे.

१८५१ मध्येच रॉस्टॉक विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. पेढीचं काम मात्र पुढची बारा वर्षं चालूच होतं. १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला थेट प्राध्यापक आणि वनस्पती उद्यानाचा संचालक नेमलं. ज्या जर्मनीत डॉक्टरेटनंतर आणखी एक परीक्षा दिल्याशिवाय वर्गात उभंही राहू देत नसत, तिथे कधीही विद्यार्थी नसलेला माणूस प्राध्यापक झाला. त्या वेळी हायडेलबर्गला त्याचे सहकारी कोण, तर बुन्सेन, किर्खहोफ आणि हेल्महोल्ट्स.

ही गोष्ट नोकरीविषयक साइटवरच्या प्रेरणादायी पोस्टसारखी सांगायचा मोह मला होतो आणि तो मी आवरतो. 'पहाटे उठा, डिग्रीची गरज नाही' वगैरे. याच्याकडे डिग्री नव्हती, पण वडिलांची बाग होती, पुस्तकं होती, सूक्ष्मदर्शक घेण्याइतका पैसा होता, आणि पेढी घरचीच होती. शिफ्ट चुकली म्हणून पगार कापणारा मॅनेजर त्याला नव्हता. त्याच शहरात त्याच्याइतक्याच हुशार एखाद्या छापखान्यातल्या पोराचं काय झालं असेल, ते कुठल्या चरित्रात येत नाही. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. घरचा धंदा आणि बाग असलेली माणसं शेकड्यांनी होती. वाळूच्या कणाएवढं बीजांड अंधाऱ्या सकाळी शंभराव्यांदा कापणारा हा एक होता.

हायडेलबर्गच्या काळात त्याने दोन मोठी पुस्तकं काढली, १८६७ मध्ये वनस्पतीच्या पेशीवर आणि १८६८ मध्ये झाडांच्या आकारावर. दुसऱ्या पुस्तकाकडे त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्यात एक साधा नियम आहे. झाडाच्या शेंड्यावर नवं पान कुठे फुटतं? आधीच्या पानांमध्ये जिथे सर्वांत मोठी मोकळी जागा असेल तिथे. बस्स. त्याआधीचे लोक पानांच्या चक्राकार मांडणीत काही दैवी भूमिती बघत होते. याने सांगितलं की भूमिती वगैरे झाडाच्या डोक्यात नाही, जागेच्या रेटारेटीतून ती आपोआप होते.

१९९२ मध्ये पॅरिसमध्ये डुआडी आणि कुडेर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हा नियम झाडाशिवाय करून पाहिला. तेलाच्या ताटलीच्या मधोमध ठरावीक वेळाने चुंबकीय द्रवाचे थेंब सोडले. थेंब एकमेकांना ढकलतात, प्रत्येक नवा थेंब मोकळ्या जागेकडे सरकतो. थेंब भराभर सोडत गेलं की दोन सलग थेंबांमधला कोन १३७.५ अंशांच्या जवळ स्थिरावतो, आणि सूर्यफुलात दिसतात तसे सर्पिल उमटतात. मी हे चाळीसेक ओळींच्या पायथनमध्ये लिहून पाहिलं. कोडमध्ये कुठेही फिबोनाची नाही, सोनेरी प्रमाण नाही, १३७.५ नाही. फक्त 'सर्वांत मोकळी जागा शोध' एवढंच. रन केलं आणि स्क्रीनवर सूर्यफूल आलं. ऑफिसात एका सहकाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, कोन तू आत कुठेतरी हार्डकोड केलायस. मी त्याला कोड वाचायला दिलं. त्याने वाचलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

हॉफमायस्टरची शेवटची वर्षं वाईट गेली. १८७० मध्ये बायको गेली. नऊ मुलांपैकी काही त्याच्या डोळ्यांदेखत गेली. १८७२ मध्ये तो ट्युबिंगेनला ह्यूगो फॉन मोलच्या जागेवर गेला, गोबेल त्याला तिथेच भेटला. पण तब्येत कोसळत होती. १८७६ मध्ये त्याला काम सोडावं लागलं आणि १२ जानेवारी १८७७ रोजी, लाइपझिगजवळच्या लिंडेनाऊत तो वारला. वय ५२.

दोन कामं त्याच्या मागे राहिली होती. पहिलं श्ट्रासबुर्गरने केलं. १८९४ मध्ये त्याने दाखवलं की त्या दोन पिढ्यांमधला फरक क्रोमोसोमच्या संख्येत आहे, एकीत दुसरीच्या निम्मे. म्हणजे १८४८ च्या चित्रातल्या त्या गुठळ्याच १८५१ च्या पुस्तकाची किल्ली होत्या. दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर, तीन वर्षांच्या अंतराने पडलेल्या होत्या.

दुसरं जरा जास्त गमतीचं. पाइनसारखी झाडं जर खरोखर नेच्यांची नातलग असतील, तर त्यांच्यातही कुठेतरी पोहणारी नर-पेशी शिल्लक असायला हवी, असं हॉफमायस्टरने सुचवून ठेवलं होतं. ती युरोपात कुणाला दिसली नाही. १८९६ मध्ये टोकियोच्या कोइशिकावा बागेतल्या गिंको झाडाची बीजांडं कापताना साकुगोरो हिरासेला ती दिसली, परागनळीतून बाहेर पडून पोहणारी. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनोने सायकसमध्येही ती दाखवली. इकेनो प्राध्यापक होता. हिरासेकडे विद्यापीठाची पदवी नव्हती; तो आधी शाळेत चित्रकला शिकवायचा आणि विद्यापीठात चित्रं काढायला म्हणून नोकरीला लागला होता. शोधानंतर वर्षभरातच तो विद्यापीठातून बाहेर पडला आणि पुन्हा शाळेत शिकवायला लागला. १९१२ मध्ये जपानच्या इम्पीरियल अकॅडमीने या कामासाठी इकेनोला पुरस्कार द्यायचं ठरवलं. इकेनो म्हणाला, हिरासेला देणार नसाल तर मलाही नको. मग दोघांना दिला.